फाटलेले छत

छप्पर ही अशी वस्तू आहे की, ती डोक्यावर असेपर्यंत कोणाच्या डोक्यात येत नाही. भिंतीला आपण रंग देतो, दारावर तोरण बांधतो, उंबरठ्यावर हळदकुंकू वाहतो, अंगणात रांगोळी घालतो. छपराच्या वाट्याला मात्र पहिली ठिबक सुरू झाल्यावर वर वळलेली एक त्रासिक नजर, एवढाच काय तो मान येतो. एरवी ऊन, पाऊस आणि वारा यांच्याशी त्याचे जे भांडण अहोरात्र चाललेले असते त्याची वार्ताही आपल्या कानी पडत नाही. अशा एका छपराची हकीगत गेली दीड-दोन वर्षे मी मोठ्या कुतूहलाने वाचीत आलो आहे. ते छप्पर माझे नव्हे, माझ्या देशातलेही नव्हे. परंतु त्याच्या फाटण्यातून आणि पुन्हा शिवले जाण्यातून जे प्रश्न उभे राहिले ते कोणाही गृहस्थाच्या घरचेच आहेत असे मला वाटत गेले.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात सेंट पीटर्सबर्ग नावाचे समुद्रकाठचे एक नगर आहे. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘मिल्टन’ नावाचे चक्रीवादळ या नगराच्या दक्षिणेस सिएस्टा की या बेटापाशी किनाऱ्यावर चढले. नगरातील विमानतळावर वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहिल्याची नोंद झाली, आणि एका दिवसात अठरा इंचांवर पाऊस कोसळला. त्या रात्री तेथील ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या बंदिस्त क्रीडागाराचे छत फाटले. दुसऱ्या दिवशी वरून घेतलेली छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. त्यांत पांढऱ्या घुमटाच्या जागी पोलादी दोरांचे उघडे जाळे दिसत होते, आणि त्यावर कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या. विशेष हे की, वादळानंतर मदतीस धावणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांचा तळ याच छताखाली पडावयाचा होता. खाटाही मांडून झाल्या होत्या. वादळाचा रोख पाहून तो तळ आधीच हलवण्यात आला म्हणून बरे. आत राहिलेल्या मोजक्या माणसांपैकी कोणालाही इजा झाली नाही.

‘कापडाच्या चिंध्या’ हे शब्द मी अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. ते सहा एकरांचे छत खरोखरच कापडाचे होते. कापडी छत म्हटले की आपणांस लग्नाचा मांडव आठवतो आणि हसू येते. परंतु या विद्येची परिभाषा आपल्या भाषेत केव्हाचीच तयार आहे. डेरा, राहुटी, कनात, मेख, तणावा हे शब्द फौजांबरोबर सारा हिंदुस्थान फिरून आलेले आहेत, आणि मुक्कामी येऊन पोहोचण्याला आपण अजूनही ‘डेरेदाखल होणे’ असेच म्हणतो. ज्याने तंबू उभारला आहे त्याला ठाऊक असते की, तंबू खांबावर उभा नसतो, तणाव्यांवर उभा असतो. खांब नुसता वर रेटतो. तणावे चहूंकडून खाली व बाहेर ओढतात. आणि या ओढाताणीत कापड जेव्हा चांगले ताणून बसते तेव्हाच त्यावर पाणी साचत नाही व वाऱ्याला ते फडफडविता येत नाही. सैल तंबू अर्ध्या वाऱ्यातच फाटतो.

हीच गोष्ट डेव्हिड गायगर या अमेरिकन स्थापत्य-अभियंत्याने गणिताच्या बळावर फार मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. ओसाका येथे १९७० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपल्या देशाच्या मंडपावर हवेच्या दाबाने तरंगणारे कापडी छत घातले. पुढे सोलच्या १९८८ च्या ऑलिंपिक सामन्यांकरिता त्याने दोरांचा घुमट बांधला, आणि सेंट पीटर्सबर्गचे छत त्याच जातीचे होते. वाटोळ्या प्रेक्षागाराच्या माथ्यावर एक भक्कम कडे. त्या कड्यापासून मध्याकडे गेलेले पोलादी दोर. दोरांवर अधांतरी उभे केलेले खांब, ज्यांची टोके जमिनीला तर नाहीच, पण एकमेकांसही टेकत नाहीत. आणि खांबांच्या पायथ्यांना बांधून ठेवणारी दोरांची वर्तुळे. या सांगाड्यावर कापडाचे चोवीस पट्टे, छत्रीच्या कळ्यांप्रमाणे, मध्यापासून कडेपर्यंत ताणलेले. घुमटाचा व्यास सुमारे २१० मीटर, आत गुंफलेल्या दोरांची लांबी १८० मैल. आणि मैदानात मात्र एकही खांब नाही. गायगर १९८९ मध्ये वारला. हा घुमट १९९० मध्ये खुला झाला.

कापडही साधे नव्हे. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचे ते विणलेले असते, आणि त्यावर टेफ्लॉनचा लेप चढविलेला असतो. न चिकटणाऱ्या तव्यामुळे तो लेप आपल्या स्वयंपाकघरात परिचित आहेच. मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर २०११ च्या विश्वचषकापूर्वी जे छत चढले तेही टेफ्लॉनच्या कापडाचे. एका चौरस मीटरचे वजन जेमतेम सव्वा-दीड किलो. आगीला सहज वश होत नाही, उन्हाने कुजत नाही, धूळ पावसाने धुऊन जाते, आणि दहाव्या हिश्श्याइतका उजेड आत झिरपतो. हे कापड बेतण्याचे काम म्हणजे शिंप्याचेच काम. घुमट वक्र, कापड सपाट. म्हणून लहानलहान तुकडे मापाने कापून, उष्णतेने जोडून वक्रता आणावयाची. त्यातही कापड मापापेक्षा किंचित अपुरे कापावयाचे, म्हणजे चढविताना ते ओढून पुरवावे लागते व ताण आपोआप येतो. बरोबर मापाचे कापले तर ते सैल पडेल.

आता अशा छताला वारा काय करतो हे पाहण्याजोगे आहे. वारा छपराला दाबून मोडतो अशी सर्वसाधारण समजूत असते. खरे पाहता, वक्र पाठीवरून वेगाने धावणारा वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलू पाहतो. विमानाचा पंख ज्या न्यायाने उचलला जातो त्याच न्यायाने. ताणलेले कापड ही ओढ सोसते व दोरांच्या हवाली करते. परंतु कोठे एकदा छेद गेला म्हणजे चित्र पालटते. ज्या ताणाने कापड इतकी वर्षे जागेवर राहिले तोच ताण आता फाट पुढे नेऊ लागतो. वारा आत शिरतो, आतून रेटा देतो, आणि पट्ट्यामागून पट्टा सुटत जातो. हे छत ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाचा वारा सोसेल अशा बेताने आखलेले होते; नगरातील विमानतळावर नोंदलेला वेग त्याहून कमीच होता. मात्र अशा कापडाचे आयुष्य साधारणतः पंचवीस-तीस वर्षांचे धरतात, आणि हे कापड चौतीस वर्षांहून जुने होते.

पुढची गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटते. कापड गेले, पण घुमट पडला नाही. कडे शाबूत, बहुतेक दोर शाबूत, अधांतरी खांब आपापल्या जागी. तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितले की, सांगाडा वापरण्याजोगा आहे, दुरुस्ती होऊ शकते. एखादे जड छप्पर कोसळते तेव्हा ते आपल्याबरोबर भिंती घेऊन जाते, आणि पुष्कळदा माणसेही. येथे जे नाजूक होते ते फाटून मोकळे झाले.

मग नवे छत कशाचे घालावयाचे? सामान्य बुद्धी सांगते की, कापड एकदा फाटले, आता पत्रा घाला, सिमेंट घाला, काहीतरी ‘कायमचे’ करा. परंतु जो सांगाडा चौरस मीटरला दीड किलोचे ओझे वाहण्यासाठी बेतलेला आहे त्यावर जड छप्पर ठेवणे म्हणजे छत्रीच्या काड्यांवर कौले रचणे. कायमचे हवे तर सारी इमारतच नवी बांधली पाहिजे. म्हणून पुन्हा कापडच, तेच चोवीस पट्टे; मात्र आताच्या बांधकाम-नियमांना धरून पूर्वीपेक्षा अधिक वेगाचा वारा सोसणारे.

कापडाच्या बाजूने बोलताना त्याचे अपयश लपविता कामा नये. कॅनडातील माँट्रियलच्या ऑलिंपिक क्रीडांगणावर केवलार नावाच्या चिवट तंतूचे उघडमिटीचे छत १९८७ मध्ये बसविले. ते वारंवार फाटले. त्याच्या जागी १९९८ मध्ये टेफ्लॉन-काचतंतूचे स्थिर छत आले, आणि पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी १९९९ मध्ये, बर्फाच्या ओझ्याखाली त्याचा एक भाग फाटून खाली आला. त्यानंतरही त्याला हजारो ठिगळे लागली, आणि २०२४ मध्ये तेथील सरकारने ते काढून टाकून भक्कम छप्पर घालण्याचे ठरविले. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचे हवेवर तरंगणारे छत १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाने खाली बसले. २०११ मध्ये त्यावर नवे कापड चढले, आणि २०१४ मध्ये ती सारी इमारतच पाडून टाकण्यात आली. अर्थात् कापडाला देशकाल पाहावा लागतो. बर्फाच्या देशात त्याची कसोटी निराळी. आणि मेट्रोडोमचे उदाहरण असा कडू प्रश्न विचारते की, जे तीन वर्षांनी पाडावयाचे त्याला नवे पांघरूण कशाला?

हाच प्रश्न सेंट पीटर्सबर्गच्या नगरसभेपुढे आला. मिल्टनच्या आधी दोनच आठवडे ‘हेलीन’ वादळाने समुद्र गावात घुसविला होता. हजारो घरांत पाणी शिरलेले, रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्यांचे आणि कपाटांचे ढीग. क्रीडागाराच्या विम्याची रक्कम वादळाच्या काही महिने आधीच १० कोटी डॉलरांवरून अडीच कोटींवर आणलेली. दुरुस्तीचा अंदाज साडेपाच कोटींचा. शिवाय २०२४ च्या उन्हाळ्यात त्याच जागी अब्जावधी डॉलरांचे नवे क्रीडागार बांधण्याचा ठराव झालेला. म्हणजे जुन्याचे आयुष्य तसेही थोडेच उरलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नगरसभेने छताच्या खर्चाला संमती दिली आणि त्याच दिवशी काही तासांनी ती मागे घेतली. पुढे मार्च २०२५ मध्ये खेळाडूंच्या संघाने नव्या क्रीडागाराच्या करारातून अंग काढून घेतले. तरी जुना करार उरलाच होता: संघ तेथे २०२८ पर्यंत खेळावयाचा, आणि तोवर छप्पर नीट ठेवणे नगराच्या शिरी. एप्रिल २०२५ मध्ये नगरसभेने छताकरिता २ कोटी २५ लक्ष डॉलर मंजूर केले.

माझा एक भाचा त्या नगरात राहतो. त्याच्याही घराच्या छपराचा एक पाखा मिल्टनने उचलून नेला होता, आणि कित्येक महिने त्यावर निळी ताडपत्री खिळ्यांनी ठोकून तो दिवस काढीत होता. नगरसभेचा ठराव झाला त्या आठवड्यात त्याचा दूरध्वनी आला. “मामा, तुम्ही त्या घुमटाचे एवढे कौतुक करता,” तो म्हणाला, “पण माझ्या डोक्यावर ताडपत्री आहे, आणि मी भरलेल्या करातून चेंडूफळीच्या खेळाला टेफ्लॉन मिळते आहे. हा कोणता न्याय?”

मी त्याला तेव्हा उत्तर दिले नाही. त्याचा प्रश्न रागाचा होता, परंतु खोटा नव्हता. किंबहुना तो त्याला वाटतो त्याहून जुना आहे. हे क्रीडागार जेथे उभे आहे तेथे पूर्वी ‘गॅस प्लांट’ नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती; घरे होती, दुकाने होती, प्रार्थनामंदिरे होती. उद्योग येतील, कामे मिळतील, चांगली घरे बांधून देऊ, अशी वचने देऊन ती वस्ती हलविण्यात आली, आणि १९८० नंतरच्या दशकात तेथे क्रीडागार उभे राहिले. तेही कोणताच संघ हाती नसताना. बेसबॉलचा पहिला घरचा संघ तेथे खेळू लागला तो १९९८ मध्ये, घुमट बांधून झाल्यावर आठ वर्षांनी. एका मोठ्या छतासाठी शेकडो लहान छपरे उतरविली गेली ही गोष्ट त्या घुमटाच्या कोणत्याही हिशेबात धरली पाहिजे. मोठ्या छपराखाली जमलेल्या गर्दीचा आनंद खरा असतो. संघ जिंकला की तो घुमट रात्री नारिंगी प्रकाशाने उजळत असे आणि सारे नगर तो पाहत असे, हेही खरे. तरीही ज्याचे छप्पर गेले त्याला त्या उजेडात काय दिसत असेल याचा विचार सुटत नाही.

असे असून नगराने छत पुन्हा घातले हे मला योग्य वाटते. त्याचे कारण मी अभियांत्रिकीच्या पुस्तकात शोधले नाही. ते मला माझ्या आजोळी सापडले. कोकणात आमच्या आजोळच्या घरावर नळे होते. दरवर्षी वैशाख सरता सरता घर शाकारण्याचे काम निघे. दोन-तीन गडी आढ्यापर्यंत चढत, नळा नळा उचलून झाडीत, फुटका बाजूला टाकीत, कुजलेला वासा दिसला तर खाली ओरडून सांगत. घरभर धूळ उडे, आणि आम्हा मुलांना दोन दिवस पडवीत जेवावे लागे. एकदा मी आजीला विचारले, “दरसाल कशाला ही कटकट? एकदाच काय ते पक्के का करून टाकीत नाही?” ती म्हणाली, “अरे, घराला वर्षातून एकदा माणसाचा हात लागावा. हात लागला नाही की घराला कळते.”

आज ‘शाकारणी’ हा शब्दही शहरातील मुलांना समजावून सांगावा लागतो. आपण सिमेंटची गच्ची घातली आणि छपराचा प्रश्न कायमचा सुटला असे मानले. वस्तुतः सुटला काहीच नाही. गच्चीलाही तडे जातात, आतली सळई गंजते. फरक इतकाच की, नळे दरवर्षी आपले म्हातारपण बोलून दाखवीत, आणि गच्ची ते पंचवीस वर्षे मनात ठेवते. ‘कायमचे’ या शब्दाचा खरा अर्थ पुष्कळदा ‘आता पाहावयास नको’ एवढाच असतो. कापडी छताला ही लबाडी करता येत नाही. त्याचे आयुष्य बेतणाऱ्याने आधीच सांगितलेले असते, आणि ते संपत आले म्हणजे कोणीतरी वर चढून पाहिलेच पाहिजे. परंतु नवे बांधावयाचे ठरले की जुन्याकडे कोण पाहणार? माणसाचा हा स्वभावच आहे. नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरलेला असताना जुन्या घराची ठिबक कोणालाही क्षुल्लक वाटते. आणि वादळ मात्र नकाशा पाहून येत नाही.

म्हणून भाच्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. नगराने छत घातले हा अन्याय नव्हे. वचन दिले होते, सांगाडा उभा होता, आणि जे दुरुस्त होऊ शकते ते उघडे टाकून पावसाने कुजू देणे हा कोणत्याही अर्थाने काटकसरीचा मार्ग नव्हे. २०२८ नंतर काय हे ठाऊक नाही म्हणून आज छप्पर नको, असे म्हटले तर जगातले एकही घर शाकारता येणार नाही. कोणाला ठाऊक असते? परंतु हा न्याय एकट्या घुमटापुरता ठेवला तर मात्र तो अन्याय होईल. मोठ्या छताचा करार लिहिलेला होता, त्याच्यामागे वकील उभे होते. ताडपत्रीखाली राहणाऱ्याचा, किंवा गॅस प्लांटमधून उठविलेल्याचा करार कोणी लिहून ठेवलेला नव्हता. नगर म्हणजेही तणाव्यांवर उभा असलेला डेराच. तेथे प्रत्येकजण आपापल्या बाजूने ओढतो म्हणून तो उभा राहतो. पण एका बाजूच्या मेखा सैल सोडल्या तर दुसऱ्या बाजूचा ताण कितीही पक्का असून उपयोग नाही, उलट तोच फाट पुढे नेतो.

मी हे त्याला पत्राने कळविले. त्याचे उत्तर आले ते असे, “मामा, तुमचे म्हणणे पटले असे नाही, पण तुमची आजी पटली. पुढच्या वर्षापासून वादळाच्या ऋतूआधी मी स्वतः शिडी लावून छपरावर चढणार आहे.” पत्रातून एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या घुमटावर नव्या कापडाचा पहिला पट्टा चढला, आणि वर्ष संपण्यापूर्वी चोवीसही पट्टे जागेवर बसले. भाच्याने पाठविलेल्या छायाचित्रात ते छत पांढरे नव्हते. मातकट, कोऱ्या मांजरपाटासारखे दिसत होते. मला वाटले, रंगच बदलला की काय. मग वाचनात आले की, टेफ्लॉनचे कापड कारखान्यातून याच रंगाचे येते, आणि ऊन खाऊन खाऊन काही महिन्यांत पांढरे होते. इतर कापड उन्हाने विटते, हे उन्हाने उजळते. ते पूर्ण पांढरे होईल तेव्हा लोक पुन्हा वर पाहण्याचे सोडून देतील. तेव्हापासूनच कोणीतरी वर्षे मोजू लागावे.